खोकल्यासाठी आणलेलं मूल आणि त्याचे न सांगितलेले आजार

प्रश्न दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर नव्याने रुजू झालेल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांचा आहे. थोडक्यात असा: आयएमएनसीआयचं (नवजात बाळं आणि लहान मुलं यांच्या आजारांच्या एकत्रित तपासणी-उपचाराच्या पद्धतीचं) प्रशिक्षण झालं, तक्त्यांची पुस्तिका टेबलावर आहे, पण ओपीडीत ते पाळणं जमत नाही. गर्दीत एका मुलाला इतका वेळ द्यायचा कुठून? रेफर केलं तर आईबाप जात नाहीत, औषध दिलं तर पूर्ण करत नाहीत. नेमकं अडतं कुठे?

सगळ्यात जास्त अडतं ते तपासणीच्या क्रमात. औषधं आणि मनुष्यबळ यांची टंचाई खरी आहे, तिच्याकडे पुढे येतोच. पण सगळं हाताशी असतानाही मूल हातून निसटतं ते बहुतेक वेळा दाराशीच, पहिल्या दोन मिनिटांत.

ही पद्धत जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी 1990 च्या दशकात मांडली, त्यामागचं कारण साधं होतं. पाच वर्षांखालचं आजारी मूल सहसा एकच आजार घेऊन येत नाही. आई सांगते खोकला; त्याच मुलाला जुलाब असतात, वजन घटलेलं असतं, तळहात पांढरे पडलेले असतात आणि गोवर-रुबेलाचा दुसरा डोस राहिलेला असतो. खोकल्याचं औषध देऊन पाठवलं की बाकीचं सगळं तसंच घरी जातं. आपल्या देशाने त्यात जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यातलं बाळही घेतलं, म्हणून नावात ‘नवजात’ आला. वयाचे दोन गट केले: दोन महिन्यांखालचे, आणि दोन महिने ते पाच वर्षे. तक्ते वेगळे, लक्षणांच्या मर्यादा वेगळ्या. घाईत पहिली चूक इथेच होते. सात आठवड्यांचं बाळ मोठ्या मुलांच्या तक्त्यावर तपासलं जातं, कारण आई म्हणते “दोन महिन्यांचा झालाय”. माता व बाल संरक्षण कार्डावरची जन्मतारीख बघितल्याशिवाय कोणतंही पान उघडू नका.

आता क्रम. बहुतेक केंद्रांवर काय होतं ते बघा. मूल आत आलं की आधी वजन. कपडे काढले, काट्यावर ठेवलं, ते रडायला लागलं. मग ताप बघितला, आणखी रडलं. मग खुर्चीवर बसून श्वास मोजायचा. रडणाऱ्या मुलाचा श्वास मोजून काहीच कळत नाही. आकडा मोठा येतो, मोजणाऱ्याला तो पटत नाही, मग अंदाजाने 40 लिहिलं जातं. रजिस्टरमध्ये सगळ्या मुलांचे श्वास 36, 38, 40 असे ओळीने दिसले, तर तिथे कोणी मोजत नाही हे खुशाल समजा.

उलटा क्रम लावा. मूल आईच्या मांडीवर शांत आहे किंवा झोपलंय तेव्हाच, हात न लावता, फक्त सदरा वर करायला सांगून श्वास मोजा. पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याची सवय मोडा: पंधरा सेकंदांत 12 मोजले तर 48, 13 मोजले तर 52. आठ महिन्यांच्या बाळासाठी एका श्वासाच्या चुकीने खोकला-सर्दीचा न्यूमोनिया होतो किंवा न्यूमोनियाची सर्दी. मोबाईलवर 60 सेकंदांचा गजर लावून फोन बाजूला ठेवा, म्हणजे नजर घड्याळावर न जाता पोटावर राहते. दोन महिन्यांखाली 60 किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत 50 किंवा जास्त, त्यापुढे पाच वर्षांपर्यंत 40 किंवा जास्त म्हणजे जलद. दोन महिन्यांखालच्या बाळाचा आकडा 60 किंवा जास्त आला तर पुन्हा एकदा मोजा, कारण एवढ्या लहान बाळाचा श्वास मुळातच अनियमित असतो.

त्याच मिनिटात छाती बघून होते. श्वास आत घेताना बरगड्यांच्या खालचा भाग आत ओढला जातो का? आया याला पोट उडतंय म्हणतात, पण त्यांचा शब्द आणि आपलं लक्षण प्रत्येक वेळी एकच नसतं, म्हणून डोळ्यांनीच बघा. मूल आईच्या मांडीवर कमरेत वाकून बसलं असेल तर छाती ओढली जाते का ते नीट दिसत नाही. सरळ आडवं करून पुन्हा बघा. आणि एक सोलापुरातली अडचण: यंत्रमाग घरातच असेल तर गृहभेटीत घशाची घरघर किंवा बाळाचं कण्हणं ऐकूच येत नाही. आईला मूल घेऊन बाहेर ओट्यावर यायला सांगा. विड्या वळणाऱ्या घरात तंबाखूची धूळ आणि चुलीचा धूर दोन्ही असतात, तिथला जुना खोकला वेगळा आणि नवा वेगळा हे विचारून घ्या.

धोक्याची चार लक्षणं मोठ्या गटात प्रत्येक मुलात बघायची: पाणी किंवा अंगावरचं दूध पिता येत नाही, घेतलेलं सगळं उलटून पडतं, आकडी येऊन गेली किंवा येते आहे, मूल सुस्त किंवा बेशुद्ध आहे. यातली पहिली दोन आपण विचारून सोडून देतो, आणि तिथेच चुकतो. “पितो का?” म्हटलं की आई “पितो” म्हणते, कारण सकाळी दोन घोट घेतलेले असतात. “उलट्या होतात का?” म्हटलं की “होतात” म्हणते, कारण काल दोन झाल्या होत्या. पहिल्यात धोका सुटतो, दुसऱ्यात नसलेला धोका लिहिला जातो. त्यामुळे समोर पाजायला सांगा. अंगावर लावू द्या, किंवा वाटी-चमच्याने पाणी द्या आणि मूल गिळतं का, पोटात ठेवतं का ते बघा. याला तीन मिनिटं लागतात आणि ती तुमची जात नाहीत. आई बाकावर बसून पाजत असताना तुम्ही पुढचा रुग्ण बघू शकता.

भाषेचा प्रश्नही इथेच सुटतो. सोलापूर शहराच्या पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापुरात कन्नड, तांड्यांवर लमाणी, मोहल्ल्यांत उर्दू. कामचलाऊ मराठीत दिलेल्या ‘हो’ला फारसा अर्थ नसतो. करून दाखवायला सांगितलं की भाषा मध्ये येत नाही. आशाताई त्याच वस्तीतल्या असतील तर त्यांना सोबत घ्या, पण प्रश्न तुम्हीच विचारा आणि उत्तर आईकडूनच येऊ द्या. नाहीतर आशाताई आईच्या वतीने उत्तर देऊन मोकळ्या होतात.

गर्दीचं गणित असं सुटतं: पूर्ण तपासणी एकाच माणसाने, एकाच खुर्चीवर करायची असा काही नियम नाही. रांगेत पाच वर्षांखालची मुलं दिसली की आधी त्यांच्यावरून नजर फिरवा. मलूल पडलेलं, कण्हणारं, आकडी येणारं मूल रांगेत बसूच नये. श्वास आणि धोक्याची लक्षणं तुम्ही बघा. त्यानंतर वजन, ताप, दंडाचा घेर आणि कार्डावरच्या लशी आरोग्यसेविका किंवा मदतनीस बघतील. मग ते कागद तुमच्याकडे आले की वर्गवारी तुम्ही करा: गुलाबी म्हणजे पहिला डोस देऊन रेफर, पिवळं म्हणजे इथेच उपचार, हिरवं म्हणजे घरची काळजी. दोन पानी नोंदपत्रक प्रत्येक मुलाचं भरायला बसलात तर दुपार होते, म्हणून ते सुरुवातीच्या महिन्यांत रोज दोन-तीन मुलांचं पूर्ण भरा, हात बसेपर्यंत. बाकीच्यांसाठी रजिस्टरमध्ये पाचच गोष्टी: वय महिन्यांत, वजन, श्वासाचा आकडा, वर्गवारी, पुन्हा येण्याची तारीख. पोर्टलच्या नोंदी संध्याकाळी कराव्या लागतात याची तक्रार रास्त आहे. आरसीएच (माता-बाल आरोग्य), यू-विन (लसीकरण), एनसीडी (असंसर्गजन्य आजार) असं प्रत्येक ठिकाणी त्याच मुलाचं किंवा त्याच घराचं नाव पुन्हा टाकायचं, यात तपासणीचा वेळ जातो. पण स्क्रीनकडे बघत मूल तपासण्याची सवय लागली तर ती मोडणं फार कठीण जातं.

जुलाबाकडे जरा सविस्तर बघू, कारण सोलापूरच्या उन्हाळ्यात आणि आषाढीनंतर तेच जास्त असतात. शहरात नळाला रोज पाणी येत नाही, बॅरल-टाक्यांत साठवून वापरतात. टँकरच्या गावांत तीच गत. साठवलेल्या पाण्यातून जुलाब येतात आणि त्याच पाण्यात डेंग्यूचा डासही वाढतो. त्यामुळे ताप आणि जुलाब एकत्र असलेलं मूल दोन्ही तक्त्यांतून गेलं पाहिजे.

शुष्कता बघताना पोटाची कातडी बेंबी आणि कुशीच्या मधोमध चिमटीत धरा, शरीराच्या उभ्या रेषेत, आडवी नाही. सोडल्यावर परत जायला दोन सेकंदांहून जास्त लागले तर फारच हळू. फार कुपोषित मुलात कातडी एरवीही हळू परत जाते, आणि गुबगुबीत मुलात शुष्कता असूनही लगेच जाते. म्हणून डोळे खोल गेलेत का, मूल तहानेने वाटीवर झडप घालतं का, चिडचिडं आहे का, ही लक्षणं एकत्र जोडा. टाळू खोल गेली असं आजीने सांगितलं तर ते दुर्लक्षू नका. टाळू भरायला तेल घालण्याऐवजी ओआरएस का, एवढंच समजावून सांगा.

थोडी शुष्कता असेल तर दर किलोला 75 मिलिलिटर, चार तासांत, तुमच्या डोळ्यांसमोर. 8 किलोच्या मुलाला 600 मिलिलिटर. चार तास बसायला आई तयार नसते हे खरं. पण केंद्रात एक सावलीची जागा, एक चटई, झाकणाची बाटली आणि खुणेचा पेला असेल तर निम्म्याहून जास्त आया बसतात. दोन वर्षांखालच्याला दर एक-दोन मिनिटांनी एक चमचा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं, मग पुन्हा, जरा सावकाश. “उलटी होते म्हणून ओआरएस बंद केलं” हे घाईने पाजल्यामुळे होतं. घरी पाठवताना प्रत्येक पातळ जुलाबानंतर दोन वर्षांखाली 50 ते 100 मिलिलिटर, त्यापुढे 100 ते 200.

आता मिश्रण. सरकारी पाकिटात 20.5 ग्रॅम पूड असते आणि ती एक लिटर पाण्यासाठी असते. औषधाच्या दुकानात 200 मिलिलिटरची लहान पाकिटंही मिळतात. घरात दोन्ही आली की गोंधळ होतो. मोठं पाकीट पेल्यात टाकलं तर मीठ पाचपट, आणि ते धोक्याचं आहे. थोडी-थोडी पूड काढून पेल्यात टाकणं तितकंच चुकीचं, कारण मीठ आणि ग्लुकोज सारखं मिसळलेलं राहत नाही. लिटरची पाण्याची बाटली प्रत्येक घरात असते, त्यात पूर्ण पाकीट, चोवीस तासांत संपवायचं, उरलं तर ओतून द्यायचं. फळांच्या चवीची गोड पेयं ओआरएस म्हणून पाजली जातात, त्यांत साखर जास्त असल्याने आतड्यात पाणी ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. घरात कोणती बाटली आणली आहे ते आशाताईंनी हातात घेऊन बघावं.

झिंक हे सगळ्यात जास्त अर्धवट राहणारं औषध. दोन ते सहा महिने 10 मिलिग्रॅम, म्हणजे 20 च्या गोळीचा अर्धा भाग; सहा महिने ते पाच वर्षे 20 मिलिग्रॅम; दोन्हींना 14 दिवस. जुलाब तिसऱ्या-चौथ्या दिवशी थांबतात आणि गोळ्या फडताळात जातात. ‘चौदा दिवस’ म्हणून सांगितलं तर लक्षात राहत नाही. पाकीट देताना कार्डावर चौदा उभ्या रेघा मारा आणि रोज एक खोडायला सांगा. पहिली गोळी आईने तुमच्यासमोर चमचाभर दुधात किंवा उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवून पाजावी. चवीमुळे मूल थुंकतं, ते घरी पहिल्यांदा घडलं तर औषध तिथेच थांबतं.

खोकल्याच्या बाबतीत आईबापांचा सगळ्यात मोठा आग्रह बाटलीसाठी असतो. न्यूमोनिया नसलेल्या खोकल्याला औषधाची गरज नाही. खोकल्याच्या दूषित औषधाने मुलं दगावल्यानंतर ऑक्टोबर 2025 मध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊ नयेत अशी सूचना राज्यांना केली, हे आईबापांना सांगायला हरकत नाही. न्यूमोनिया असेल तर अमॉक्सिसिलिन. जागतिक आरोग्य संघटनेचं प्रमाण दर किलोला एका वेळी किमान 40 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, पाच दिवस. 6 किलोच्या बाळाला 240 मिलिग्रॅम होतात, म्हणजे 250 ची पाण्यात विरघळणारी एक गोळी. घोळ होतो तो साठा बदलला की. या महिन्यात 250 च्या गोळ्या, पुढच्या महिन्यात 125 च्या. हात मात्र ‘एक गोळी’ लिहिण्याला सरावलेला. मूल अर्ध्या डोसवर राहतं, बरं होत नाही, आणि मग ‘सरकारी गोळीत दम नाही’ असं गावभर होतं. नवा साठा आला की कपाटाच्या दारावर त्याच ताकदीचा वजननिहाय तक्ता चिकटवा, जुना फाडून टाका. लहान बाळाच्या गंभीर संसर्गावरच्या जेंटामायसिन इंजेक्शनचंही असंच: 3 किलोच्या बाळाला दर किलोला 5 म्हणजे 15 मिलिग्रॅम. मिलिलिटरला 40 मिलिग्रॅमच्या कुपीतून ते जेमतेम 0.4 मिलिलिटर, 10 च्या कुपीतून 1.5. एक मिलिलिटरची सिरिंज नसेल तर पहिल्या कुपीतून एवढं अचूक काढता येत नाही.

रक्तातला ऑक्सिजन मोजणारा पल्स ऑक्सिमीटर आता पुष्कळ ठिकाणी पोचलाय, पण मोठ्यांच्या बोटाची चिमटी बाळाच्या बोटावर सैल बसते आणि 82, 97, 88 असं काहीही दाखवते. लहान मुलांचा प्रोब पायाच्या अंगठ्याला लावा, पाय गार असेल तर आधी चोळून गरम करा, नाडीची लाट स्थिर झाल्यावरच आकडा धरा. 90 टक्क्यांच्या खाली असेल तर ऑक्सिजन आणि रेफर, श्वासाचा आकडा काहीही असो.

रेफर केलेलं मूल जात नाही, ही तुमची सगळ्यात जड तक्रार, आणि ती रास्त आहे. बापाची पाळी मागावर, आईचा हजार विड्यांचा रोज, घरी दुसरं मूल, रात्रीची वेळ. करमाळा किंवा माळशिरस तालुक्यातून सोलापूरच्या शासकीय रुग्णालयापर्यंतचा रस्ता शंभर किलोमीटरच्या पुढे जातो. “सोलापूरला न्या” एवढंच म्हटलं की आईबाप घरी जातात आणि सकाळपर्यंत थांबतात. चार गोष्टी बोलण्याआधी करा. पहिला डोस द्या. मूल गिळत असेल तर अंगावर पाजा किंवा 30 ते 50 मिलिलिटर दूध वा साखरपाणी द्या (200 मिलिलिटर पाण्यात चार सपाट लहान चमचे साखर), कारण आजारी मुलाची साखर वाटेत घसरते. दोन महिन्यांखालचं बाळ आईच्या छातीला उघड्या अंगाने लावून बांधा. आणि 108 ला फोन तुम्ही स्वतः, आईसमोर करा. मग विचारा, “जायला काय अडचण आहे?” ‘जाल ना?’ म्हटलं तर मान डोलावली जाते. अडचण विचारली तर खरं कारण बाहेर येतं, आणि निम्मी कारणं एका शेजारणीच्या मदतीने सुटणारी असतात. सासूला किंवा आजीला त्याच वेळी समोर बसवा, निर्णय तिचाही असतो.

लहान बाळाच्या बाबतीत एक गोष्ट ठामपणे. एप्रिल-मेमध्ये पारा 40 च्या वर असताना दोन महिन्यांखालच्या बाळाचा काखेतला ताप 37.5 अंश आला की ‘उन्हाने असेल’ म्हटलं जातं. दुपट्यांत गुंडाळलेलं बाळ उकडतं हे खरं, पण ते निदान तुमच्या पातळीवर करायचं नाही. धोक्याचं लक्षण म्हणूनच धरा. 35.5 च्या खालीही तितकंच गंभीर. हाता-पायांच्या तळव्यांपर्यंत पिवळेपणा उतरला असेल किंवा बाळ डिवचल्याशिवाय हलत नसेल तर पुढची पानं उलटत बसू नका.

पोषणाचा भाग घाईत सगळ्यात आधी गळतो. दंडाचा घेर 11.5 सेंटिमीटरच्या खाली म्हणजे अतितीव्र कुपोषण, 11.5 ते 12.5 मध्यम, पट्टी डाव्या दंडाच्या मध्यावर, ना सैल ना घट्ट. सहा महिन्यांखालच्या बाळाला ही पट्टी लावू नका. पोषण पुनर्वसन केंद्रात जायला सांगितलं की मजुरी बुडते म्हणून नकार येतो, तेव्हा अंगणवाडी सेविकेला त्याच दिवशी फोन करून गावातल्या बाल विकास केंद्राचं विचारा. आजारी नसलेल्या आणि भूक असलेल्या मुलाला तो मार्ग असतो.

राहिला पाठपुरावा. ऊस हंगामात, साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत, कारखान्यांच्या परिसरात बीड आणि इतर जिल्ह्यांतल्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या कोप्या घालून राहतात. न्यूमोनियाचं मूल दोन-तीन दिवसांत पुन्हा बघायचं असतं, तोवर टोळी दुसऱ्या शिवारात जाते. कार्ड गावी राहिलेलं, लशींचा पत्ता नाही, आशाताईंच्या यादीत हे घर नाही. इथे तारीख देऊन उपयोग नसतो. आठवडी बाजाराचा वार सांगा, त्या दिवशी टोळीला सुट्टी किंवा उचल असते आणि बाया गावात येतात. मुकादमाचा मोबाईल नंबर रजिस्टरच्या समासात लिहून घ्या, टोळी कोणत्या गटात तोडतेय तेही. लगेच परत कधी यायचं ती लक्षणं (पीत नाही, श्वास जोरात चालतोय, ताप वाढला, जुलाबात रक्त) आईकडून एकदा म्हणवून घ्या, आणि उपचाराची चिठ्ठी पिशवीत न टाकता प्लॅस्टिकच्या कागदात घालून तिच्या हातात द्या, पहाटे फडावर जाताना ती मुलाबरोबरच राहील अशी.